थांब, त्या फाईली डिलीट करू नकोस

पत्र

ताई, नमस्कार. नाव देत नाही, पण मी तुमच्यापेक्षा लहानच असणार, अरे-तुरे केलंत तरी चालेल. मी ९ वर्षं एका ॲडेसिव्ह बनवणाऱ्या कंपनीत आर अँड डी मधे आहे, फॉर्म्युलेशनचं काम. गेल्या महिन्यात रिझाईन केलं आणि थेट स्पर्धक कंपनीत चाललोय, लपवलेलं नाही. नोटीस पीरियडचे ५ आठवडे उरलेत. ज्या सरांनी मला हे काम शिकवलं ते आता माझ्याशी बोलत नाहीत, परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "इथलं सगळं उचलून चाललाय, बघून घेऊ." मग एचआरने माझं जुनं ॲग्रीमेंट मेल केलं. त्यात लिहिलंय की २ वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही आणि गोपनीय माहिती कायम गुप्त ठेवायची. सही माझीच आहे, जॉईन झालो त्या दिवशी न वाचता केलेली.

खरी भीती वेगळीच आहे. घरून काम करायच्या काळात मी कितीतरी ट्रायल रिपोर्ट स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवलेत, फोनमधे लॅब नोटबुकचे फोटो आहेत, घरच्या हार्ड डिस्कवर एक फोल्डर आहे. तेव्हा मनात काहीच नव्हतं, फक्त काम उरकायचं होतं. आता मित्र म्हणतो सगळं उडव, डिस्क फॉर्मॅट कर आणि मोकळा हो. त्यात नव्या कंपनीतल्या साहेबांनी फोनवर सहज विचारलं, "त्या हीट रेझिस्टंट ग्रेडच्या ट्रायलचा डेटा असेलच की तुझ्याकडे, आणि मोठ्या कस्टमरचे रेट?" मी नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. माझी ज्युनियर पण माझ्याबरोबर यायचं म्हणतेय. रात्री झोप लागत नाही. ताई, मी चोर आहे का?

उत्तर

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतेच, पण त्याआधी एक, आणि हे वाचेपर्यंत तू मित्राचं ऐकलेलं नसशील एवढीच आशा आहे. काहीही डिलीट करू नकोस. मेल नाही, फोटो नाही, तो फोल्डर तर नाहीच नाही. आणि उघडून बघत पण बसू नकोस, दुसरीकडे कॉपी करू नकोस, "फक्त माझ्यासाठी एक बॅकअप" म्हणून तर मुळीच नाही. जिथे जसं आहे तिथे तसंच राहू दे.

मला माहितीये हे उलटं वाटतं, ज्या वस्तूची भीती वाटते ती घरातून बाहेर काढावी असंच कोणालाही वाटेल. पण मित्राच्या एक गोष्ट लक्षात आलेली नाही, ती म्हणजे फाईल गेली तरी ती गेल्याची खूण राहते. तू पर्सनल मेलवर पाठवलेलं सगळं कंपनीच्या मेल सर्व्हरवर तारीख-वेळेसकट बहुतेक पडलेलं असणार, ऑफिसच्या लॅपटॉपला कुठली डिस्क कधी लावली याची नोंद लॅपटॉपमधेच असते, आणि उद्या भांडण झालं तर डिस्क तपासणाऱ्या माणसाला अमुक तारखेला ही फॉर्मॅट झालीय हे बहुतेक वेळा दिसतंच. मग प्रश्न असा उरतो की त्याच्याकडे जुने रिपोर्ट होते, रिझाईन केल्यावर त्याने डिस्क पुसली, मग त्यात असं काय होतं? आणि तुझा साधेपणा सिद्ध करणारा एकमेव पुरावा, म्हणजे त्या फाईली काम संपल्यावर तू उघडल्याच नसशील तर ते दाखवणाऱ्या तारखा, तो तूच आपल्या हाताने पुसलेला असेल.

हे मी घाबरवायला म्हणत नाहीये, असं खरोखर घडलंय. ड्युपॉन्ट कंपनीचं केव्हलार, बुलेटप्रूफ जॅकेटमधला तो मजबूत धागा, तुला माहीतच असेल, मटेरियलवाला माणूस तू. त्यांच्याकडे बरीच वर्षं काम केलेला एक माणूस कंपनीतून बाहेर पडला आणि दक्षिण कोरियाच्या कोलॉन कंपनीला सल्ला द्यायला लागला, घरच्या कॉम्प्युटरवर ड्युपॉन्टची माहिती तशीच होती, त्याला २०१० मधे १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ड्युपॉन्टने कोलॉनवर केस केली, तेव्हा कोलॉनच्या काही लोकांनी केस सुरू झाल्यावर हजारो फाईली उडवल्याचं निघालं, आणि जज्जने ज्यूरीला सांगितलं की जे पुसलं ते कोलॉनच्या विरोधात जाणारं होतं असं तुम्ही धरून चालू शकता. २०११ मधे ज्यूरीने ९१ कोटी डॉलरच्या वर नुकसानभरपाई लावली. अपिलात २०१४ ला तो निकाल रद्द झाला (वेगळ्या कारणाने, कोलॉनचा काही पुरावा कोर्टाने ऐकलाच नव्हता म्हणून), पण २०१५ मधे शेवटी कोलॉनने गुन्हा कबूल केला आणि दंड आणि भरपाई मिळून ३६ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. तुझी गोष्ट एवढी मोठी नाहीये, तू एक माणूस आहेस आणि तुझ्या डिस्कवर एक फोल्डर आहे. पण पुसलेल्या फाईलकडे लोक ज्या नजरेने बघतात ती छोट्या केसमधे पण तीच असते.

मग करायचं काय? एक कागद घे आणि आठवून लिहून काढ की काय-काय कुठे आहे, मेल साधारण कुठल्या काळातले, फोनमधे किती फोटो, फोल्डरचं नाव काय, आणि फोटो आपोआप क्लाऊडवर जातात का ते, कारण फोनवाले हे हमखास विसरतात. मग नोकरीच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला भेट, एक तासाचा सल्ला, याला पैसे खर्च कर, इथे कंजुषी नको. वकिलाबरोबर ठरवून एचआरला लेखी कळव, साध्या शब्दांत, की घरून काम करताना कंपनीची काही कागदपत्रं माझ्या पर्सनल मेलवर, फोनवर आणि डिस्कवर आली आहेत, मला ती परत करायची आहेत, तुमच्या आयटीच्या माणसासमोर काढून टाकायची आहेत, कशी करू ते सांगा. म्हणजे पुसायचं आहेच, पण त्यांच्या देखत, त्यांच्या लेखी होकारानंतर, आणि झाल्यावर तसं लिहून घेऊन. आणि नोटीस पीरियड संपायच्या आत. तू अजून त्यांचा माणूस आहेस तोपर्यंत ही कबुली म्हणजे हँडओव्हरचा भाग आहे, तीच ३ महिन्यांनी लिगल नोटीस आल्यावर दिलीस तर पकडल्यावर दिलेली कबुली ठरते.

पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, तुझं स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर, हे तुझं आहे, ते ठेव. लोक घाबरून तेही देऊन टाकतात.

मी १८ वर्षं एचआरमधे काढली आणि लोकांचे एक्झिट इंटरव्ह्यू घेतले, त्यातला एक मुलगा अजून डोळ्यासमोर आहे. शेवटच्या दिवशी लॅपटॉपवरचे घरचे फोटो घ्यायचे म्हणून त्याने पेन ड्राईव्ह लावला आणि अख्खं डेस्कटॉप उचललं, त्यात कामाच्या शेकडो फाईली. आठवड्याने आयटीचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. त्याने पहिल्या फोनवर "मी काही नेलं नाही" म्हटलं, कारण त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्या एका वाक्यानंतर त्याचं कोणी काही ऐकून घेतलं नाही. मी पण नाही घेतलं. नवी नोकरी कित्येक महिने लटकली त्याची. त्याने तो पेन ड्राईव्ह दुसऱ्या दिवशी परत आणला असता तर माझ्याकडे त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी राहिलं असतं, म्हणून तुझं पत्र आल्या आल्या उत्तर लिहायला बसले.

आता तुझा प्रश्न. नाही, तू चोर नाहीस. ९ वर्षांत जे शिकलास ते तुझं आहे. कुठली रेझिन कशी वागते, मिक्सिंगला किती धीर धरायचा, चिकटपणा वाढला की आधी कशावर संशय घ्यायचा, हे हाताला आणि डोक्याला लागलेलं वळण आहे आणि ते कंपनीच्या गेटवर काढून ठेवता येत नाही, कोणत्याच देशातलं शहाणं कोर्ट तसं सांगत पण नाही. ट्रेड सीक्रेट म्हणजे काय याची एक ढोबळ व्याख्या जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात (पेटंट, कॉपीराईट वगैरे बौद्धिक संपदेबद्दलचा करार) आहे, १९९५ पासून लागू असलेला, त्यातलं ३९ वं कलम. तीन गोष्टी लागतात: माहिती त्या धंद्यातल्या लोकांना सहज माहीत नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला किंमत असावी, आणि मालकाने ती गुप्त ठेवायला वाजवी काळजी घेतलेली असावी. म्हणजे पाठ्यपुस्तकात असलेली, पेटंटमधे छापून आलेली, सप्लायरच्या डेटाशीटवर असलेली गोष्ट सरांनी कितीही "आमची" म्हटलं तरी गुपित नाही. पण तुमच्या हीट रेझिस्टंट ग्रेडमधे कुठलं हार्डनर किती टक्के आणि किती तापमानाला, हे गुपित आहे, त्यात तू स्वतःला फसवू नकोस.

इंग्लंडमधल्या दोन जुन्या केसेस मला या बाबतीत फार आवडतात. पहिली १८९५ ची, रॉब विरुद्ध ग्रीन. शिकारीच्या पक्ष्यांची अंडी विकणाऱ्या धंद्यातला मॅनेजर, त्याने नोकरीत असताना ऑर्डर बुकमधून गिऱ्हाईकांची नावं-पत्ते गुपचूप उतरवून घेतले आणि नंतर स्वतःचा तोच धंदा काढला. तो हरला, कारण मालकाचं मीठ खात असतानाच त्याने ती यादी पुढच्या वापरासाठी उतरवली. दुसरी १९८६ ची, फॅसेंडा चिकन विरुद्ध फाऊलर. इथे सेल्स मॅनेजर सोडून गेला, गाड्या घेऊन तोच चिकन विकायचा धंदा त्याच भागात सुरू केला, कंपनीतली आणखी काही माणसं पण त्याच्याकडे गेली. गिऱ्हाईक कोण, गाडी कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्याने जाते, कोणाला काय भाव, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतंच. तो जिंकला. कोर्ट म्हणालं ही रोजचं काम करताना आपोआप लक्षात राहिलेली माहिती आहे, नोकरी संपल्यावर ती वापरायला बंदी नाही, बंदी फक्त खऱ्या गुपितावर, म्हणजे एखादी गुप्त उत्पादन पद्धत वगैरे.

आता हे वाचून कोणी म्हणेल की मग पाठ करून न्यावं, कागद कशाला. तर ते पण चालत नाही बरं. अमेरिकेत ओहायो राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मधे स्पष्ट सांगितलं की गिऱ्हाईकांची यादी गुपित असेल तर ती कागदावर नेली काय आणि पाठ करून नेली काय, फरक पडत नाही. म्हणून "डोक्यातलं सगळं माझं" असा सोपा नियम मी तुला देणार नाही. तुझं कसब तुझं, त्यांची रेसिपी त्यांची, आणि मधे एक धूसर पट्टा आहे जिथे भल्याभल्या वकिलांची भांडणं चालतात.

त्या पट्ट्यात तुझ्या कामातली एक गोष्ट अगदी मधोमध येते, फसलेल्या ट्रायल. तुला माहितीये की अमुक ॲडिटिव्ह घातलं की तिसऱ्या महिन्यात चीर जाते, हे कळायला तुमच्या लॅबचं एखादं वर्ष आणि भरपूर पैसा गेला असेल. काय चालत नाही हे माहीत असणं सुद्धा गुपित धरलं जाऊ शकतं, अमेरिकेतल्या कायद्यात तर याला वेगळं नावच आहे, निगेटिव्ह नो-हाऊ. आणि माणसाला हे विसरता येत नाही, नव्या लॅबमधे कोणी तेच ॲडिटिव्ह उचललं की तुझं तोंड उघडणारच. म्हणून माझं मत असं आहे की नव्या ठिकाणी पहिले ६ महिने-वर्षभर त्या हीट रेझिस्टंट ग्रेडच्या कामावर तू नसलेलाच बरा. दुसऱ्या ग्रेडवर घ्या म्हणून तूच आधी सांग. वकिलाच्या भाषेत याचा फायदा आहेच, पण त्याहून मोठा म्हणजे रोज जीभ चावत काम करायची वेळ येणार नाही.

आता ते २ वर्षांचं कलम. इथे देशादेशात फार फरक आहे म्हणून वकिलालाच विचार, पण तुला अंदाज यावा म्हणून सांगते. कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारं कलम मुळातच बाद. भारतात कराराच्या कायद्याचं २७ वं कलम जवळपास तेच सांगतं, आणि गंमत वाटेल पण दोन्ही कायदे १८७२ चे आहेत आणि दोघांचं मूळ न्यूयॉर्कच्या एकाच जुन्या मसुद्यात आहे. जर्मनीत अशी बंदी चालते पण जास्तीत जास्त २ वर्षं, आणि त्या काळात कंपनीने माणसाला आधीच्या कमाईच्या निदान निम्मे पैसे द्यायला लागतात. इंग्लंडमधे बंदी किती वाजवी आहे ते कोर्ट तोलून बघतं. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२४ च्या एप्रिलमधे देशभर अशा कलमांवर बंदी आणायचा नियम काढला आणि तो लागू व्हायच्या आतच ऑगस्टमधे टेक्सासच्या कोर्टाने उडवला. तेव्हा ते कलम बघून एवढा हादरू नकोस, ते तुला लागू होईलच असं नाही.

पण इथेच लोक घसरतात. स्पर्धकाकडे जायची बंदी बाद ठरली म्हणजे गुप्ततेचं कलम पण बाद ठरलं असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी इतक्यांदा बघितलंय की माणूस पहिल्याचं ऐकून दुसऱ्याबद्दल बिनधास्त होतो. तुला जाता येईल, नेता येणार नाही. आणि नोटीस पीरियडमधे तर तू अजून पगार घेतोयस, त्या काळात कंपनीशी एकनिष्ठ राहायची जबाबदारी पूर्ण आहे. म्हणून या ५ आठवड्यात ज्या फाईलचं काम नाही ती उघडू पण नकोस, सहज म्हणून सुद्धा नाही. त्यांनी तुझा ॲक्सेस कमी केला किंवा उद्यापासून घरीच बस, पगार चालू राहील म्हणाले (गार्डन लीव्ह म्हणतात त्याला) तर अपमान मानून घेऊ नकोस, उलट तुझ्याच पथ्यावर आहे, जेवढं कमी दिसेल तेवढं कमी अंगाला येईल.

नव्या साहेबांचा तो फोन. पत्रात हे तू एका ओळीत उरकलंस, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. ते "हं हं" तिथेच सोडून चालणार नाही, कारण तुझ्या दृष्टीने तो नकार होता, त्यांच्या दृष्टीने होकार. त्यांना एक मेल लिही, फोन नको, मेलच. दोन-तीन ओळी पुरे: मी जॉईन व्हायला उत्सुक आहे, परवा फोनवर ट्रायल डेटा आणि रेटचा विषय निघाला होता, आधीच्या कंपनीची कुठलीही कागदपत्रं किंवा गोपनीय माहिती मी आणणार नाही आणि कामात वापरणार नाही, मी माझ्या अनुभवावर चांगलं काम करून दाखवेन. राग नको, उपदेश नको. शहाणा माणूस असेल तर "अर्थातच" असं उत्तर येईल, कदाचित त्यांनी खरंच बोलता बोलता विचारलं असेल. आणि नाही आलं, किंवा परत फोन करून "अरे एवढं काय, सगळेच आणतात" म्हणाले, तर त्या नोकरीचा परत विचार कर. हे मी हलकेपणाने म्हणत नाहीये, रिझाईन केलेल्या माणसाला हे ऐकणं किती जड आहे मला कळतं. पण ज्याला तू नकोयस, तुझ्याकडची शीट हवीये, त्याच्याकडे शीट पोचली की तुझी गरज संपते, आणि उद्या केस झाली तर आम्ही मागितलंच नव्हतं असं म्हणणारा पहिला तोच असतो.

खरं तर चांगली कंपनी असल्या गोष्टींपासून लांब पळते. २००६ मधे कोका-कोलातल्या एका कर्मचारी बाईने आणि तिच्या साथीदारांनी कंपनीची गुप्त कागदपत्रं पेप्सीला विकायचा प्रयत्न केला, पत्र पोचल्यावर पेप्सीने काय केलं तर ते उचलून सरळ कोका-कोलाकडे दिलं, पुढे एफबीआयने सापळा लावला आणि त्या बाईला ८ वर्षांची शिक्षा झाली. एवढे कट्टर स्पर्धक, पण त्यांनाही माहीत होतं की ती कागदपत्रं घरात घेणं म्हणजे घराला आग लावून घेणं आहे. उलट उदाहरण वेमो आणि उबरचं. गूगलच्या ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांच्या कामातला (याच कामाची पुढे वेमो कंपनी झाली) अँथनी लेव्हँडॉव्स्की २०१६ च्या जानेवारीत बाहेर पडला, नंतर उबरमधे गेला, आणि जायच्या आधी त्याने १४,००० च्या आसपास फाईली उतरवून घेतल्या असा वेमोचा आरोप होता. हे उघडकीला कसं यायला लागलं माहितीये? एका सप्लायरकडून उबरच्या सर्किट बोर्डचं ड्रॉइंग चुकून वेमोच्या माणसाला मेल झालं आणि ते ओळखीचं वाटलं. २०१८ मधे उबरने सुमारे २४.५ कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर देऊन तडजोड केली, आणि त्याच्यावर ३३ आरोप लागले होते त्यातला एकच त्याने कबूल केला, एका फाईलचा, आणि ती फाईल म्हणजे काही जगावेगळा शोध नव्हता, कामाची प्रगती लिहायची आतली शीट होती. त्यासाठी २०२० मधे १८ महिन्यांची शिक्षा सुनावली. पुढे २०२१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून तुरुंग टळला, पण तोपर्यंत त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. तुझ्या पर्सनल मेलमधल्या ट्रायल रिपोर्टकडे "त्यात काय एवढं" म्हणून बघू नकोस म्हणून हे सांगितलं.

कुठे चाललोय हे तू लपवलं नाहीस हे मात्र फार चांगलं केलंस, तुला वाटतंय त्याहून जास्त. १९९५ ची पेप्सिको विरुद्ध रेडमंड ही अमेरिकेतली गाजलेली केस आहे, त्यात तर त्या मॅनेजरने एकही कागद नेला नव्हता, तरी कोर्टाने त्याला काही महिने नव्या कंपनीत काम सुरू करू दिलं नाही, कारण डोक्यात पुढच्या वर्षीचे भाव आणि योजना ताज्या होत्या आणि त्या वापरल्याशिवाय त्याला राहताच येणार नाही असं कोर्टाला वाटलं. या विचारावर बरीच टीका झालीये आणि बऱ्याच ठिकाणी तो मानत नाहीत, मला पण तो माणसावर अन्याय करणारा वाटतो. पण निकालात एक गोष्ट त्याला फार नडली, नवी नोकरी घेतलेली असताना त्याने पेप्सीत सांगितलं की अजून ठरवलेलं नाही. एकदा एवढ्यावर विश्वास उडाला की बाकी काहीही खरं सांगितलं तरी उपयोग होत नाही.

ज्युनियरला तू घेऊन जाऊ नकोस. ती स्वतः अर्ज करत असेल तर तो तिचा प्रश्न, पण या ५ आठवड्यात तिच्याशी पगाराबद्दल, जागा आहेत का याबद्दल, साहेबांशी गाठ घालून देण्याबद्दल एक मेसेज पण नको. तुझ्या ॲग्रीमेंटमधे सहकाऱ्यांना फोडू नये असं कलम आहे का ते पण बघ, बहुतेक असतं. तिलाही नीट सांग की सध्या या विषयावर मी बोलू शकत नाही, तिला वाईट वाटेल पण कळेल.

आणि सर. पत्रात तू त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं लिहिलीस, पण ९ वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी सगळ्यांसमोर असं बोलावं हे किती लागलं असेल हे मला त्या दोन वाक्यांत दिसलं. त्यांच्या बाजूने पण एकदा बघ. तो ग्रेड त्यांनी तुझ्याबरोबर उभा केलाय, तू चाललायस ते थेट समोरच्या दारात, आणि त्यांच्या वरचे लोक त्यांना विचारत असणार की हा काय-काय घेऊन जाणारे. ते घाबरलेत. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस, हँडओव्हर असा कर की नंतर कोणाला तुला फोन करायची वेळ येऊ नये, लॅब नोटबुकं पानांचे नंबर तपासून सही घेऊन दे, आणि एचआरला तो परत करायचा मेल पाठवशील तेव्हा त्यांना कॉपीत ठेव. तोंडाने सांगून त्यांना पटणार नाही, ते वाचून कदाचित पटेल. नाहीच पटलं तरी तुझं काम झालेलं असेल.

नव्या साहेबांना मेल आज रात्रीच टाक, उद्यावर ढकलू नकोस. वकिलाकडे जाशील तेव्हा ते जुनं ॲग्रीमेंट, नवं ऑफर लेटर आणि तू केलेली यादी, तिन्ही बरोबर घे. आणि नव्या कंपनीचे जे कागद सहीला येतील त्यातलं एक पान पण न वाचता सही करू नकोस, जुन्या मालकाने केस केली तर वकिलाचा खर्च कोण करणार हे तिथे लिहिलंय का ते मुद्दाम शोध, नसेल तर जॉईन व्हायच्या आधी विचार.